टिकवतं, पण स्वतः टिकत नाही

अभ्यंगस्नानाचं उटणं डब्यात महिनोन्‌महिने राहतं, कारण ते कोरडं असतं. दुधात कालवलं की मात्र लगेच संपवावं लागतं. जंतूंना वाढायला पाणी लागतं आणि क्रीम, लोशन, शाम्पू यांत पाणीच जास्त. त्यामुळे त्यांत प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. ते नकोच म्हणणाऱ्यांची काळजी मला समजते. पण संरक्षण नसलेल्या क्रीममध्ये स्यूडोमोनाससारखा जंतू वाढला, तर डोळ्यांना आणि उघड्या जखमांना त्याचा खराच धोका असतो.

काळजीलाही आधार आहे. मिथाइलआयसोथायझोलिनोनमुळे इतक्या जणांच्या त्वचेला ॲलर्जी झाली की युरोपीय संघाने ते अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांतून काढून टाकलं. बेंझाल्कोनियमसारखी धनभारित द्रव्यं जंतू मारण्यात तरबेज, पण ती सहजी मोडत नाहीत आणि सांडपाण्यातून पुढे जात राहतात.

धनभार तर हवा, पण रेणू मोडणारा हवा. १९८०च्या दशकात बार्सिलोनातल्या संशोधकांनी त्यासाठी आर्जिनिन हे अमिनो आम्ल हाताशी धरलं. आर्जिनिनच्या एका टोकाला धनभार निसर्गतःच असतो. त्याला लॉरिक आम्लाची बारा कार्बनची शेपटी जोडली आणि दुसऱ्या बाजूला इथेनॉल. लॉरिक आम्ल आपल्याला परकं नाही. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांत जवळपास निम्मा वाटा त्याचाच. तयार झालेल्या रेणूचं नाव इथाइल लॉरॉइल आर्जिनेट.

जंतूच्या पेशीपटलावर ऋणभार असतो. हा रेणू तिथे ओढला जातो, त्याची तेलकट शेपटी पटलात घुसते, पटलाची घडी विस्कटते आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. पोटात गेल्यावर मात्र आपली विकरं त्याचे जोड तोडतात. उरतं ते आर्जिनिन, लॉरिक आम्ल आणि किंचित इथेनॉल; पहिली दोन तर रोजच्या जेवणातूनही शरीरात येतात आणि ती कशी वापरायची हे शरीराला ठाऊक असतं. मला या रेणूचं सगळ्यात मोठं कौतुक या मोडण्याचं वाटतं.

जपानने वेगळी वाट धरली. १९७७ साली तिथे एका स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूत पॉलिलायसिन सापडलं: लायसिनच्या पंचवीस-तीस कड्यांची साखळी. शिजवलेला भात टिकवायला ते वापरतात.

पण ‘अमिनो आम्लापासून’ हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. सोडियम हायड्रॉक्सिमिथाइलग्लायसिनेट हे ग्लायसिनपासूनच बनतं, आणि ते फॉर्माल्डिहाइड सोडून जंतू मारतं. मूळ पदार्थ कितीही साधा असो, रेणू मोडून काय बाहेर पडतं ते पाहावंच लागतं.

आर्जिनेटच्याही अडचणी आहेत. चव कडवट. कॅरागीनन, झँथन यांसारख्या ऋणभारित डिंकांशी आणि प्रथिनांशी ते बांधलं जातं, मग जंतूंच्या वाट्याला कमीच उरतं. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात चालणारी मात्रा मांसात किंवा क्रीममध्ये तोकडी पडते. मात्रा वाढवावी, तर मर्यादा आडवी येते: युरोपात ई २४३ या क्रमांकाने ते उष्णता दिलेल्या काही मांसपदार्थांत किलोला १६० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, प्रसाधनांत ०.४ टक्क्यापर्यंत. फवारून वापरायच्या प्रसाधनांत त्याला तिथे परवानगी नाही, आणि ते मला योग्य वाटतं. पोटातली विकरं जे करतात, तेच फुप्फुसातही होईल असं गृहीत धरता येत नाही.