विश्लेषण : आईवडील निरक्षर असले तरी मुलाच्या शिक्षणात सहभागी होऊ शकतात का? शहापूर, मुरबाडमध्ये काय दिसते?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर आजही अशी अनेक घरे आहेत, जिथे शाळेची पायरी चढणारी मुलांची ही पहिलीच पिढी आहे. ‘पालकांनी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य तिथल्या पालकसभेत दरवर्षी ऐकू येते. पण ज्या आईला अक्षरओळख नाही, जे वडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यांनी नेमके काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्याच शैक्षणिक इतिहासात काही प्रमाणात सापडते.

हा विषय आता महत्त्वाचा का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय वर्षे ३ ते ८ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे, त्यानंतर पहिली आणि दुसरी. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, असे या धोरणातच नमूद आहे. त्यापाठोपाठ जुलै २०२१ मध्ये केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. प्रत्यक्षात ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता.

शाळेला मिळणारा वेळही मर्यादित आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन बंधनकारक आहे. वर्षाचे एकूण तास होतात ८,७६०. म्हणजे मूल अगदी रोज शाळेत गेले, तरी त्याच्या वर्षाचा जेमतेम नऊ टक्के वेळ वर्गात जातो. उरलेला बहुतेक वेळ घरात, अंगणात आणि शेतात जातो. त्या वेळात मुलाशी कोण काय बोलते, यावर बरेच काही ठरते.

शहापूर, मुरबाडमध्ये अडचण नेमकी कुठे?

मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाड तालुका माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरला आहे. एका बाजूला महामार्ग आणि लोकल रेल्वेच्या कडेची आसनगाव, वासिंदसारखी वाढती गावे, तर दुसऱ्या बाजूला डोंगरातले विखुरलेले पाडे. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली या समाजांची येथे मोठी वस्ती आहे.

पहिली अडचण वेळापत्रकाची. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. भाताची कापणी, झोडणी उरकली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे, विशेषतः भूमिहीन कातकरी, भिवंडी, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात. भट्टीमालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टाळता येत नाही. ही कुटुंबे परततात ती पावसाच्या तोंडावर. पहिलीतले मूल मुळाक्षरांशी नुकतेच झुंजू लागते, तेव्हाच त्याची शाळा सुटते.

दुसरी अडचण भाषेची. घरात कातकरी किंवा ठाकरी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी. मूल वर्गात गप्प बसते आणि ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसतो. तिसरी अडचण पालकसभेच्या वेळेची. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरी करणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार बुडणे. सभेला पालक आले नाहीत, यावरून ‘पालक उदासीन आहेत’ असा निष्कर्ष काढला जातो, तो अनेकदा चुकीचा असतो.

पालकांचा सहभाग म्हणजे काय?

पालकसभेची हजेरी हा सहभागाचा एक छोटा भाग झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासक जॉइस एपस्टाइन यांनी या सहभागाचे सहा प्रकार सांगितले आहेत : घरातील संगोपन, शाळेशी संवाद, शाळेच्या कामात मदत, घरी शिकण्याला हातभार, निर्णयप्रक्रियेत वाटा आणि गावाशी सहकार्य. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी पालकाला लिहितावाचता येणे सोयीचे असले तरी आवश्यक नाही. आपल्याकडे मात्र ‘अभ्यास घेणे’ एवढाच अर्थ धरला जातो. त्यामुळे निरक्षर आईवडील स्वतःच मागे सरतात आणि ‘आम्हाला काय कळतंय, तुम्हीच बघा गुरुजी’ म्हणून मोकळे होतात.

जुन्या ठाणे जिल्ह्यात याची सुरुवात कशी झाली?

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. (ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे.) वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. झोपड्यांसमोरच्या अंगणात ती भरू लागली. बाजूला आया आपापली कामे करत होत्या आणि मुले काय करतात हे पाहत होत्या. साहित्यही आसपासचेच होते : बिया, पाने, दगड, शिंपले.

पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे जमत नव्हते, म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शिकवण्याचा ‘कुरणशाळे’चा प्रयोग तेथे झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. आज अंगणवाडी म्हटले की खाऊ, वजन आणि लसीकरण आठवते. ज्या अंगणावरून तिला नाव मिळाले, तिथे आईच्या डोळ्यांसमोर शिकणे घडत होते, ही मूळ गोष्ट मागे पडली.

फांगणेच्या आजीबाई काय शिकवतात?

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ती उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी साडी नेसून, दप्तर आणि पाटी घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. आपल्यालाही पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही त्यांची इच्छा होती.

या शाळेची बातमी परदेशापर्यंत गेली ती आजींच्या वयामुळे. लहान मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तिची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. आईवडील कामावर गेल्यावर नातवंडे आजीजवळच असतात. तीच आजी पाटी घेऊन बसली की घरात अभ्यासाला जागा मिळते. नातवंडे आजीला अक्षर गिरवायला मदत करतात, म्हणजे स्वतःचेही शिकणे पक्के करतात. शिकवणारे मोठे आणि शिकणारे लहान ही नेहमीची दिशा येथे उलटी झाली आणि त्यात दोघांचाही फायदा झाला. ‘पालक’ या शब्दात आजीआजोबांनाही धरले पाहिजे, हे फांगणेने दाखवले.

‘पहिले पाऊल’ आणि माता गट काय आहेत?

करोनाकाळात अंगणवाड्या बंद राहिल्याने पहिलीत येणाऱ्या मुलांची तयारीच झाली नव्हती. त्यावर उपाय म्हणून राज्यात २०२२ पासून ‘शाळापूर्व तयारी अभियान : पहिले पाऊल’ राबवले जाऊ लागले. ‘प्रथम’ संस्थेचा त्यात सहभाग आहे. शाळेत मेळावा भरतो. मूल आईसोबत एकेका टेबलापाशी जाते : शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक-भावनिक विकास आणि गणनपूर्व तयारी. मुलाला काय येते, काय येत नाही हे आईसमोरच नोंदवले जाते. दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात शेजारपाजारच्या आयांचे गट घरी छोट्या कृती करून घेतात. त्यातली एक ‘लीडर माता’ व्हॉट्सअॅपवर आलेली कृती इतरांना समजावते.

कल्पना चांगली असली तरी मर्यादा आहेत. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांसोबत कामावर जात असेल, तर कृती आईपर्यंत पोहोचत नाही. डोंगराकडच्या पाड्यांवर नेटवर्कची खात्री नसते. शिवाय पाणी, सरपण, स्वयंपाक आणि मजुरी सांभाळणाऱ्या आईवर आणखी एक काम पडते. गट ‘मातां’चा म्हटला की वडील आपोआप सुटतात, हाही दोष आहेच.

वाचता न येणाऱ्या पालकांना घरी काय करता येईल?

* ऐकणे : मुलाला रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचायला सांगा. ते बरोबर की चूक हे कळले नाही तरी चालेल. ‘यात काय सांगितलंय?’ एवढे विचारा. सांगताना मूल अर्थ लावायला शिकते.
* आपल्या बोलीत बोलणे : गोष्ट, कोडी, गाणी घरच्या बोलीतच सांगा. भाषेचा पाया घरच्या बोलीत पक्का झाला की प्रमाण मराठी शिकणे सोपे जाते. बोली बोलल्याबद्दल मुलाला टोकू नका.
* कामातले गणित : चिंचोके पाच-पाचचे गट करून मोजणे, आज किती भाकऱ्या झाल्या, हंड्यात किती तांबे पाणी मावते, लहान-मोठी लाकडे लावणे. पहिलीच्या गणिताची तयारी यातूनच होते.
* अक्षरे शोधणे : एसटीच्या पाटीवर ‘मुरबाड’ किंवा ‘शहापूर’, बिस्किटाच्या पुड्यावरचे नाव, रेशन दुकानाचा फलक. मुलाच्या नावातले अक्षर त्यात कुठे आहे, हे त्यालाच शोधू द्या.
* रोज पाठवणे : लहान भावंड सांभाळायला म्हणून मोठ्या मुलीला घरी ठेवले, की तिचे शिकणे तुटते. धाकट्याला अंगणवाडीत पाठवले तर दोघांचेही चालू राहते.

कायद्याने पालकांना कोणते अधिकार आहेत?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, तर निम्म्या सदस्य महिला. वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम आहे. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे कलम २४ नुसार शिक्षकांचे कर्तव्य आहे. शक्य तेथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असेही कलम २९ सांगते.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी तीन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले म्हणूनही परत पाठवता येत नाही. भट्टीवर जाताना मुलाला तिथल्या जवळच्या शाळेत बसवण्याचा हक्क पालकांना आहे. लहान भावंडांची अंगणवाडीतील नोंद ‘पोषण ट्रॅकर’ अॅपद्वारे स्थलांतराच्या ठिकाणी नेण्याचीही सोय आहे. गाव सोडण्याआधी शिक्षक आणि अंगणवाडी सेविकेला ठिकाण सांगून ठेवले, तर हे काम सोपे होते.

मग शाळेने काय बदलायला हवे?

सभा सायंकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी, पाड्यावरच घेता येते. प्रगतिपुस्तकावर सही घेण्याऐवजी मुलाला पालकांसमोर वाचून दाखवायला लावता येते. दिवाळीआधी कोणती कुटुंबे जाणार आहेत, याची यादी करून आजीआजोबांकडे राहू शकणारी मुले कोणती, हे आधीच ठरवता येते. वर्गात बोलीभाषेतली गोष्ट सांगायला गावातल्याच एखाद्या आजोबांना बोलावता येते. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पालकांचा सहभाग ही शिक्षकाची जागा भरण्याची सोय होता कामा नये. शिक्षकाचे पद रिक्त असेल, अंगणवाडीला इमारत नसेल, तर त्याची जबाबदारी शासनाचीच राहते. त्यासाठी व्यवस्थापन समितीत बसून प्रश्न विचारणे, ठराव करून तो पंचायत समितीपर्यंत नेणे, हाही सहभागच आहे. अंगठा उठवणारा पालकही समितीत तो प्रश्न विचारू शकतो.