साडेतीन वॉटांना साजेसा स्पीकर

2ए3 हा जुना ट्रायोड व्हॉल्व्ह एकटा वापरला, तर साडेतीन वॉट देतो. हौशी मंडळींचा लाडका 300बी आठेक, आणि एकेकाळी घरगुती रेडिओत सर्रास आढळणारा ईएल84 पाचेक वॉट. शंभर-दोनशे वॉटांच्या जाहिराती वाचलेल्याला हे आकडे केविलवाणे वाटतात, पण घरातल्या ऐकण्याला ते पुरतात. अट एकच, घरी बनवायच्या स्पीकरसाठी ड्रायव्हर अचूक निवडलेला हवा.

ड्रायव्हर म्हणजे पेटीत बसवायचा नुसता स्पीकर: कागदी कोन, कॉइल आणि चुंबक. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली ही रचना मुळात आजही तीच आहे. तिला मिळालेली जवळजवळ सगळी शक्ती उष्णतेत जाते. 'सेन्सिटिव्हिटी 87 डेसिबल' याचा अर्थ, एक वॉट दिला की एक मीटरवर 87 डेसिबल आवाज. अशा ड्रायव्हरमध्ये शक्तीच्या जेमतेम 0.3 टक्के भागाचा आवाज होतो. 97 डेसिबलच्या ड्रायव्हरमध्ये तो भाग 3 टक्के असतो. साडेतीन वॉटांवर 97चा ड्रायव्हर जेवढा मोठा वाजतो, तेवढा 87चा वाजवायला 35 वॉट लागतील.

आकडा वाचतानाही सावध राहावं. तो बहुधा 2.83 व्होल्टवर मोजलेला असतो. 8 ओहमच्या ड्रायव्हरला एवढे व्होल्ट म्हणजे एक वॉट, 4 ओहमच्या ड्रायव्हरला दोन. तेव्हा 4 ओहमच्या आकड्यातून 3 डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

मग सगळेच ड्रायव्हर 97चे का नसतात? केएलएच कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आड येतो. खोल खर्ज, लहान पेटी आणि मोठी सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींतल्या दोनच मिळतात. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर पेटी आठपट मोठी करावी लागते! 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला, तोही सेन्सिटिव्हिटीचा बळी देऊनच. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि हा बळी कुणाला जाणवेनासा झाला. साडेतीन वॉटवाल्याला मात्र तो परवडत नाही.

माझ्या मते सोडायचा तो खोल खर्जच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69च्या. म्हणजे 60 हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर ख्यालाची मैफल पुरेपूर ऐकवतो. 30 हर्ट्झची गरज पाइप ऑर्गनला.

सर्वांत जास्त फसगत होते ती पुढच्या मुद्द्यावर. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध नगण्य असल्याने कोनवर त्याचा घट्ट ताबा राहतो. फीडबॅक नसलेल्या ट्रायोड अ‍ॅम्प्लिफायरचा रोध दोन-तीन ओहम असतो, त्यामुळे ताबा सैल पडतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात साठ-सत्तरच्या दशकांत बसवलेल्या गणितात याचा हिशोब मिळतो. कोन आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येवर किती हेलकावत राहतो, ते 'क्यू' हा आकडा सांगतो. समजा, कॉइलचा रोध 6 ओहम आणि विद्युत क्यू 0.4 आहे. अ‍ॅम्प्लिफायरचे 3 ओहम मिळवले की तोच क्यू 0.6 होतो. कागदावर चोख दिसलेला ड्रायव्हर घरी घुमायला लागतो. म्हणून दमदार चुंबकाचा, एकूण क्यू 0.3च्या आसपास असलेला ड्रायव्हर घ्यावा आणि पेटीचं गणित वाढीव क्यू धरूनच करावं. ट्रान्झिस्टरवर कोरडा वाटणारा ड्रायव्हर इथे छान भरून येतो.

फॉस्टेक्स, लोदर यांचे फुलरेंज ड्रायव्हर एकाच कोनातून सगळं वाजवतात. क्रॉसओव्हर लागत नाही, म्हणून गळा एकसंध येतो, पण बाजूला बसलेल्याला तार स्वर कमी पोहोचतात. दुसरा मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो: 12 इंची पी.ए. स्पीकर, वर ट्विटर आणि त्याला एक कपॅसिटर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ धुंडाळली तर 95 डेसिबलच्या पुढचे पी.ए. स्पीकर मिळू शकतात. मात्र दुकानदार वॉट सांगेल, तुम्ही सेन्सिटिव्हिटी, क्यू आणि ओहम विचारा. तपशीलपत्र नसेल, तर तो स्पीकर घेऊ नका. पेटीची दर्शनी फळी रुंद ठेवा, कारण अरुंद फळीवर खालचे स्वर मागे पसरतात आणि कमावलेले डेसिबल तिथेच जातात.

ड्रायव्हर बदलून बदलून ऐकताना आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वाजवला, तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि सगळ्या जोडणीत बहुधा तोच सर्वांत महाग भाग असतो.