डोळ्यांतल्या बाहुल्या कोण हलवतं?

भर उन्हातून वाशीमच्या बालाजी मंदिरात शिरलात की क्षणभर सगळं काळोखं वाटतं ना? मग हळूहळू दिसू लागतं. तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तोवर मोठ्या झालेल्या असतात. त्यांना कुणी सांगितलं? आणि वर्गात बाई आल्या की तुम्ही ताडकन उभे राहता, तेव्हा रक्त पोटा-पायांकडे उतरतं, मोठ्या माणसाचं तर अर्धा लीटरभर. तरी चक्कर येत नाही, कारण लगेच रक्तवाहिन्या आवळल्या जातात. घाम, लाळ, हृदयाचे ठोके, सगळं न सांगता सांभाळते ती आपली स्वायत्त चेतासंस्था.

तिचा निरोप थेट पोचत नाही. मानोऱ्याहून रिसोडला जाताना वाशीमला एसटी बदलावी, तसा तो वाटेत एका चेतापेशीवरून दुसरीवर चढतो. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन दुसऱ्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी, म्हणजे ग्राहीवर, बसलं की निरोप पुढे निघतो.

जंतूंना पकडायला आपलं शरीर प्रतिपिंडं बनवतं. फार फार क्वचित ती या ग्राहींनाच शत्रू समजतात. एसटीत रुमाल टाकून जागा अडवतात ना? ही तर बाकंच उपटतात! प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात. दोन ग्राही एकदम धरले की पेशी ते आत ओढून घेते. मग उभं राहताच भोवळ येते, घाम आटतो, तोंड कोरडं पडतं, उजेडातही बाहुल्या आकसत नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्याची साथ आली, त्या गिया-बारे आजारातही शरीर आपल्याच चेतांवर उलटतं. चेता वेगळ्या, चूक तीच.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या स्टीव्हन व्हर्निनो, व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांनी ग्राहींवर उलटणारी ही प्रतिपिंडं रुग्णांच्या रक्तात सापडल्याचं जाहीर केलं. पण एवढीशी गोष्ट शोधायची कशी? मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. इक्वेडोरमधल्या एका चिमुकल्या बेडकाच्या कातडीत एपिबॅटिडीन नावाचं विष सापडलं होतं. ते नेमकं याच ग्राहींना घट्ट चिकटतं! त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडायचं, ते ग्राहींना चिकटवायचं आणि त्यात रुग्णाच्या रक्तातला द्रव मिसळायचा. मग प्रतिपिंडं तळाशी बसवायची. त्यांच्यासोबत किरणोत्सारही खाली आला, की चोर सापडला! जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतच नाही. तेव्हा डॉक्टर घाम आणि रक्तदाब तपासून आजार ओळखतात. रक्तातली प्रतिपिंडं गाळून काढली की बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आज संध्याकाळी अंधारात पाच मिनिटं बसा, आरसा समोर धरा आणि दिवा लावा. बाहुल्या किती झटकन आकसतात, ते नीट पाहा.