साखरेचा लेप आणि पुड्यावरचा वाघ

साखरफुटाणा तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. भाजलेल्या हरभऱ्यावर साखरेचा पाक थराथराने चढवून तो तयार करतात. धुळ्याला देवपुरात एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेत रेवड्या आणि गोडीशेवेच्या शेजारी त्याचेही ढीग लागलेले असतात. संक्रांतीचा हलवा याच जातीचा. तिथे हरभऱ्याऐवजी आत तीळ असतो. परात मंद आचेवर ठेवून तीळ सारखे हलवायचे आणि चमच्याचमच्याने पाक सोडत राहायचे. पाकातले पाणी वाफ होऊन जाते आणि साखर स्फटिकरूपाने दाण्याला चिकटून बसते.

आता हेच काम हाताऐवजी फिरत्या पिंपात, टनांच्या हिशेबाने केले आणि आत हरभऱ्याऐवजी मक्याची भाजलेली पापडी ठेवली, तर काय होईल? न्याहारीचे 'सीरियल' म्हणून जगभर विकला जाणारा एक अत्यंत खपाऊ माल तयार होईल. साखरफुटाण्याला आपण खाऊ म्हणतो. यात्रेला जाऊन आल्यावर मूठभर खावा, एवढीच त्याची पायरी. मक्याच्या पापडीवर चढलेल्या त्याच साखरेला मात्र न्याहारीचा मान मिळाला. हे कसे घडले, त्यात पदार्थविज्ञान किती आणि जाहिरात किती, ते या लेखात पाहू.

गोष्टीचा आरंभ गोडाने झालेला नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक या गावी एक मोठे आरोग्यधाम होते. डॉ. जॉन हार्वे केलॉग हे त्याचे प्रमुख. मांसाहार, मसाले आणि साखर यांचे ते कडक विरोधक होते. रोग्यांना पचेल असे धान्य कोणत्या रूपात द्यावे याचे प्रयोग ते आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ करीत असत. १८९४ साली शिजवलेला गहू काही कारणाने बराच वेळ तसाच पडून राहिला. तो रुळांतून काढला, तेव्हा त्याची सलग पोळी न होता प्रत्येक दाण्याची सुटी पापडी बाहेर पडली.

याला योगायोग म्हणतात, पण योगायोगामागेही कारण असते. नुकत्याच शिजलेल्या दाण्यात बाहेरचा भाग अधिक ओला आणि आतला कमी ओला असतो. दाणा काही तास तसाच ठेवला की विसरणाने पाणी ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे जाते आणि सगळीकडे ओलावा सारखा होतो. असा दाणा दाबला असता फाटत नाही, चिकटत नाही, सरळ चपटा होतो. कणीक मळून थोडा वेळ झाकून ठेवण्यामागे हेच एक कारण आहे. आजच्या कारखान्यांतही ही 'मुरवण्याची' पायरी वगळता येत नाही.

पुढे गव्हाऐवजी मका आला. विल यांचे म्हणणे असे, की ही पापडी रोग्यांपुरती न ठेवता घराघरांत विकावी आणि चवीसाठी तीत थोडी साखर घालावी. डॉक्टरांना ते पसंत नव्हते. भाऊ वेगळे झाले. १९०६ मध्ये विल यांनी स्वतःची कंपनी काढली आणि खोक्यावर आपली सही छापली. ही सही ज्यावर नाही तो अस्सल माल नव्हे, असा त्याचा अर्थ. बॅटल क्रीकमध्ये त्या काळी नक्कल करणारे पुष्कळ कारखाने निघाले होते आणि सगळ्यांची पापडी दिसायला जवळजवळ सारखीच होती. माल सारखा असला की खोका बोलू लागतो. १९०९ साली या कंपनीने गिऱ्हाइकांना मुलांसाठी प्राण्यांच्या हलत्या चित्रांची एक छोटी पुस्तिका भेट दिली. पुड्यासोबत खेळणे देण्याची रीत इतकी जुनी आहे.

मात्र ही पापडी अजून बरीचशी अळणीच होती. लोक तीवर दूध ओतत आणि घरचीच साखर घालत. किती घालायची, हे चमचा ज्याच्या हातात तो ठरवी. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता थोडा वेळ आपल्या विषयाकडे, म्हणजे पदार्थविज्ञानाकडे वळू. धुळे-जळगाव भागात खरिपात सगळीकडे मका दिसतो. त्याचे साल आणि अंकुर काढून भरड करतात, ती वाफेवर शिजवतात, थोडी सुकवतात, मुरवतात, जड रुळांखाली दाबतात आणि प्रखर उष्णतेत भाजतात. भाजताना आतल्या पाण्याची वाफ होते, पापडीवर फोड येतात आणि ती सच्छिद्र बनते. शेवटी तीत पाणी उरते फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. इतक्या कोरड्या अवस्थेत स्टार्चचे रेणू जागच्या जागी जखडलेले असतात. म्हणजे पापडी एका अर्थाने काच असते. दाताखाली ती वाकत नाही, कडकन तुटते, आणि त्या असंख्य छोट्या तुटण्यांच्या आवाजालाच आपण कुरकुरीतपणा म्हणतो. ओलावा आठ-दहा टक्क्यांपर्यंत चढला, की पाण्याचे रेणू मध्ये शिरून स्टार्चच्या साखळ्या सैल करतात आणि काचेचे रबर होते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की बिबड्या सादळतात, त्याचे कारण हेच.

दुधात पडलेली पापडी तर काही मिनिटांतच सादळते. दूध तिच्या सूक्ष्म छिद्रांत केशाकर्षणाने ओढले जाते. ठरावीक अंतर आत जाण्यास लागणारा वेळ द्रवाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे त्याच्या वाहण्याला होणाऱ्या विरोधाच्या, प्रमाणात असतो. ५ अंश सेल्सिअसला पाण्याची विष्यंदिता ८० अंशांच्या मानाने चौपटीहून जास्त असते. दुधाची तऱ्हाही साधारण तशीच. म्हणून थंड दुधात पापडी बराच वेळ तग धरते आणि गरम दुधात लगेच लिबलिबीत होते.

साखरेचा लेप इथे दुहेरी काम करतो. एक तर तो छिद्रांची तोंडे बुजवतो. दुसरे असे, की दूध लागताच तो विरघळून पापडीभोवती दाट पाक तयार होतो. साठ टक्के साखरेचा पाक २० अंशांना पाण्याच्या पन्नास पटींहून अधिक विष्यंदी असतो. तो छिद्रांतून आत शिरायला वेळ लावतो, आणि त्यातले पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवल्यामुळे स्टार्चला सहजी मिळत नाही. लेपाने पापडी कुरकुरीत राहते ही जाहिरातीतली थाप नव्हे. ते खरे आहे आणि घरी पडताळता येते. दोन वाट्यांत थंड आणि दोन वाट्यांत गरम दूध घ्या, प्रत्येकी एका वाटीत साधी आणि दुसरीत लेपाची पापडी टाका, दर अर्ध्या मिनिटाला एकेक काढून दाताखाली तोडून पाहा आणि वेळ लिहून ठेवा.

लेप पांढरा, हिवाळ्यातल्या दहिवरासारखा हवा असेल तर नुसत्या साखरेचा पाक फवारतात. तिचे बारीक स्फटिक बनतात आणि प्रकाश विखुरल्याने ते पांढरे दिसतात, हलव्याच्या काट्यांसारखे. लेप चकचकीत, पारदर्शक हवा असेल तर पाकात मध किंवा ग्लुकोजचा पाक मिसळतात. वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये आले की साखरेला स्फटिक बनवणे जमत नाही आणि काच तयार होते. हा ग्लुकोजचा पाक मक्याच्या स्टार्चपासूनच काढतात. आपल्या जिल्ह्यात दोंडाईच्याला तसा कारखाना आहे. म्हणजे पापडी मक्याची आणि लेपही काही अंशी मक्याचाच!

साखर आधीच चढवून विकण्याची कल्पना अमेरिकेत १९३९ मध्ये 'रेंजर जो' या नावाने बाजारात आली. तिच्या जनकाचा, जिम रेक्स याचा, हेतू गमतीचा होता. मुले न्याहारीवर चमचेच्या चमचे साखर ओततात. आधीच मोजून घातली तर ती कमी खातील, असे त्याला वाटले. धंदा मात्र फार चालला नाही. १९४९ मध्ये पोस्ट कंपनीचे 'शुगर क्रिस्प', १९५० मध्ये केलॉगचे 'शुगर पॉप्स', १९५२ मध्ये 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स' आणि १९५३ मध्ये 'शुगर स्मॅक्स' आले. या शेवटच्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, साखर होती. चमचा आता मुलाच्या हातातून कारखान्याच्या हातात गेला होता, आणि कारखान्याचा चमचा काही लहान नव्हता.

साखर लपवण्याची गरज तेव्हा कोणाला वाटत नव्हती. महायुद्धात अमेरिकेत साखरेचे रेशनिंग होते, त्यामुळे 'शुगर' हा शब्द आकर्षणाचा होता. तो नावातच मोठ्या अक्षरांत छापला गेला. 'फ्रॉस्टेड फ्लेक्स'च्या खोक्यासाठी लिओ बर्नेट यांच्या जाहिरात संस्थेने वाघ, कांगारू, हत्ती आणि नू हरीण अशी चार चित्रे काढली. वाघ आणि कांगारू खोक्यांवर झळकले, आणि लवकरच एकटा टोनी वाघ उरला. दूरचित्रवाणी नुकतीच घराघरांत शिरत होती. थर्ल रॅव्हन्सक्रॉफ्ट या गायकाच्या खर्जातल्या आवाजात हा वाघ पन्नासएक वर्षे आपल्या मालाची तारीफ गर्जत राहिला. साखर आणि पराक्रम यांची सांगड मुलांच्या मनात या वाघाने घातली, ती कोणत्याही प्रयोगशाळेने घातलेली नाही.

१९७० मध्ये रॉबर्ट चोट या गृहस्थांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साठ सीरियलांची पोषणानुसार क्रमवारी मांडली आणि त्यांतल्या चाळीसांत उष्मांकांपलीकडे फारसे काही नाही, असे सांगितले. मोठी खळबळ उडाली. कंपन्यांनी जीवनसत्त्वे आणि लोह अधिक घालण्यास सुरुवात केली. १९८० च्या दशकात तर चमत्कारच झाला. 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स'चे नुसते 'फ्रॉस्टेड फ्लेक्स' झाले, 'शुगर स्मॅक्स'चे 'हनी स्मॅक्स' आणि 'शुगर क्रिस्प'चे 'गोल्डन क्रिस्प'. नावातली साखर गेली. पुड्यातली होती तिथेच होती. अलीकडच्या अमेरिकी पुड्यांवरचे आकडे पाहा: फ्रॉस्टेड फ्लेक्सच्या ३७ ग्रॅममध्ये १२ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा; हनी स्मॅक्सच्या ३६ ग्रॅममध्ये १८, म्हणजे निम्मी.

आपल्याकडे केलॉग कंपनी १९९४ साली आली. तिचा कारखाना रायगड जिल्ह्यात तळोज्याला उभा राहिला. साध्या मक्याच्या पापडीने सुरुवात झाली आणि तिची गाठ पडली भारतीय घरातल्या गरम दुधाशी. परिणाम काय झाला असेल, हे वरचे विष्यंदितेचे गणित समजलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको. त्यातून थंड दुधात घातलेली साखर तळाशीच बसते, तेही आपल्या जिभेला पटत नाही. चॉकलेटी 'चोकोज' आणि साखरेच्या लेपाचे 'फ्रॉस्टीज' हे प्रकार १९९६-९७ च्या सुमारास आले. आज चोकोजचे छोटे पुडे गावोगावच्या किराणा दुकानांत शेव-कुरकुऱ्यांच्या माळांशेजारी लटकलेले असतात.

एक वाटी गोड सीरियल खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. तसे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सुचवले, की वरून घातलेली साखर, मध व फळांचे रस यांतून मिळणारी शर्करा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, शक्य तर ५ टक्क्यांहून कमी. ज्या मुलाला १८०० किलोकॅलरी लागतात त्याला १० टक्के म्हणजे १८० किलोकॅलरी. एका ग्रॅमला ४ धरल्या तर ४५ ग्रॅम. चहा, बिस्किटे आणि एखादा लाडू यांनाही यातच जागा हवी. सकाळी सातलाच १२ ग्रॅम खर्ची पडले तर उरलेल्या दिवसाचे अंदाजपत्रक सांभाळावे लागते. शिवाय ३० ग्रॅम पापडी वजन करून वाटीत घाला. बहुतेकांना ती फारच थोडी वाटेल.

सरकारेही आता खोक्याकडे पाहू लागली आहेत. चिली देशाने २०१६ पासून साखर जास्त असलेल्या पदार्थांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली आणि अशा पुड्यांवर मुलांना भुलवणारी चित्रे छापण्यास बंदी घातली. टोनी वाघाला तिथे खोक्यावरून उतरावे लागले. ब्रिटनमध्ये दुकानात मोक्याच्या जागी असा माल मांडण्यावर निर्बंध आले, तेव्हा केलॉगने न्यायालयात मजेदार युक्तिवाद केला: सीरियल कोणी कोरडे खात नाही, तेव्हा साखरेची टक्केवारी दूध मिसळून काढावी. म्हणजे द्रावण पातळ केले की विद्राव्याची टक्केवारी घटते, हा आठवीच्या रसायनातला पाठ! २०२२ च्या जुलैमध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दूध मिसळल्याने पुड्यातली साखर एक कणभरही कमी होत नाही.

आपल्याकडे पुड्यावर घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, आणि २०२० च्या नियमांनुसार एकूण साखर व वरून घातलेली साखर असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. घटकांच्या यादीवर एकट्या विसंबू नका. समजा, १०० ग्रॅम मालात पीठ ४० ग्रॅम आणि गोडवा ४५ ग्रॅम आहे. तो गोडवा साखर २५, ग्लुकोजचा पाक १५ आणि मध ५ असा वाटून लिहिला, तर यादीत पहिले नाव पिठाचेच येते.

शिक्षकांनी वर्गात रिकामे पुडे जमवावेत. 'एका वेळच्या वाढणीचा' रकाना सोडून १०० ग्रॅमचाच रकाना घ्यावा, कारण वाढणीचे वजन प्रत्येक पुड्यावर वेगवेगळे असू शकते. घातलेल्या साखरेचा आकडा उतरवून पुडे चढत्या क्रमाने भिंतीवर लावावेत आणि प्रत्येकाखाली समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय छापले आहे तेही लिहावे. एक पुडा ग्लुकोज बिस्किटांचाही असू द्या.