भिंत चालली, पण कशी?

मित्रांनो, चांगदेवांची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. चौदाशे वर्षांचे हे योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीला निघाले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही भावंडं तेव्हा एका भिंतीवर बसली होती. ज्ञानदेवांनी भिंतीलाच ‘चल’ म्हटलं आणि ती चालू लागली. चांगदेवांचा गर्व उतरला. संपली गोष्ट!

आजीच्या तोंडून ऐकताना एवढं पुरतं. पण समजा, यावर सिनेमा काढायला तुम्हालाच सांगितलं तर? भिंत मातीची की दगडाची? ती सरपटली की तरंगली? चौदाशे वर्षांचा माणूस दिसतो तरी कसा? मुक्ता घाबरली की टाळ्या पिटू लागली? गोष्ट यावर गप्प! आणि कॅमेऱ्यापुढे ‘चालली कशीतरी’ म्हणून चालत नाही बरं का!

हे कोडं पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटात सोडवलं. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. संगणक नव्हता, तरीही त्यांच्या पडद्यावर भिंत चालली आणि रेड्याने वेदही म्हटले.

गंमत म्हणजे या गोष्टीचे तीन धागे एकाच जिल्ह्यात सापडतात. तो म्हणजे अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर. पहिला धागा नेवाशाचा. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसत, असं मानतात, तो ‘पैस’चा खांब आजही तिथे आहे. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं पंधरा! म्हणजे तुमच्या दादा-ताईएवढं.

दुसरा धागा राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचा. तिथल्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तिविजय’ लिहिला. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या संतकथांचा आधार घेऊन त्यांनी त्या ओव्यांतून फुलवून सांगितल्या. मग काय, सिनेमावाल्यांच्या आधी महिपतींनीही रूपांतरच केलं की!

तिसरा धागा शाहू मोडक. या नगरच्या ख्रिस्ती मुलाने १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये बालकृष्ण साकारला आणि पुढे ज्ञानेश्वरही. ज्ञानदेव प्रत्यक्ष कसे दिसत होते, हे कोणालाच ठाऊक नाही. पण कितीतरी प्रेक्षकांच्या मनात त्यांना मोडकांचाच चेहरा मिळाला.

इथेच खरी जबाबदारी येते. एकदा पडद्यावर पाहिलेलं चित्र मनातून सहजासहजी पुसलं जात नाही. मग रिकाम्या जागा भरायच्या तरी कशाने? त्यासाठी आधी विचारायचं, ही गोष्ट कशासाठी सांगतात? चांगदेवांनी जिवंत प्राण्यांना वश केलं होतं, इथे तर निर्जीव भिंत हलली. ते पाहून एवढा मोठा योगी लहान मुलांपुढे नम्र झाला. म्हणजे भिंतीइतकाच चांगदेवांचा चेहराही महत्त्वाचा. भिंत विमानासारखी भुर्रकन उडवली, तर टाळ्या पडतील, पण गोष्ट हरवेल. भिंतीचा रंग तुम्ही ठरवा, मुक्ताचं हसूही ठरवा. चांगदेवांचं नमणं मात्र बदलू नका.

परदेशातही हीच अडचण येते. टोल्किन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांत हजारो वर्षांचा काल्पनिक इतिहास थोडक्यात लिहून ठेवला. त्यावरून २०२२ मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आली. त्यात मोठा काळ एकत्र दाबून बसवला, नवी पात्रं घातली. काहींना ते आवडलं, तर जुने वाचक रुसले!

आता तुमची पाळी. आज रात्री आजी-आजोबांकडून एखादी छोटीशी दंतकथा ऐका. ती दहा चित्रांत काढा. कुठली चित्रं गोष्टीतून आली आणि कुठली तुमच्या डोक्यातून, त्यावर खुणा करा. मग आजीला दाखवा. ‘हो, हीच माझी गोष्ट!’ असं ती म्हणाली, तर समजा, तुमची भिंत चालली!