लेखांक ९ : लॅपटॉपचा आवाज नेमका कोठे अडतो?

मागील लेखांकात वायफायची जोडणी तुटली असता कसूर राउटरची की लॅपटॉपची, याचा निवाडा कसा करावा, हे पाहिले. आजचा प्रश्न वरवर पाहता त्याहून किरकोळ भासेल. काल रात्रीपर्यंत उत्तम चालणारा लॅपटॉप आज सकाळी एकाएकी मूक होतो; पडदा उजळतो, चित्रे हलतात, अक्षरे उमटतात, पण ध्वनी म्हणून निघत नाही. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय स्पीकर जळाल्याचा असतो आणि त्या संशयापायी यंत्र दुकानदाराच्या हवाली केले जाते. वस्तुतः लॅपटॉपात डावा व उजवा असे दोन स्वतंत्र स्पीकर असतात. त्यांपैकी एखादा बिघडू लागला की तो बहुधा आधी खरखरतो, आवाज फाटतो, आणि दोघांनी कसलीही पूर्वसूचना न देता एकाच क्षणी मान टाकावी, असा योग विरळा. म्हणून एकाएकी आलेल्या संपूर्ण शांततेचे कारण स्पीकरात नव्हे, तर स्पीकरापर्यंत येणाऱ्या मार्गात शोधावे, हे या तपासाचे पहिले सूत्र होय.

तो मार्ग थोडक्यात असा. गाणे अथवा भाषण यंत्रात आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीपासून चालत आलेल्या प्रघाताप्रमाणे संगीतासाठी सेकंदाला ४४,१०० आणि चित्रफितींसाठी बहुधा ४८,००० मोजमापे घेतलेली असतात, व १६ बिटांच्या नोंदीत प्रत्येक मोजमापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. निरनिराळ्या प्रोग्रॅमांकडून आलेले हे आकड्यांचे प्रवाह ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र मिसळते आणि ते ड्रायव्हरच्या स्वाधीन करते. ड्रायव्हर ते मदरबोर्डवरील ऑडिओ चिपकडे पोहोचवितो. तेथे आकड्यांचे विद्युत्-तरंगात रूपांतर होते, आणि अँप्लिफायरने बळ दिल्यावर ते तरंग स्पीकरचा पडदा हलवितात.

हा मार्ग दोन भागांत तोडून पाहण्याची एक सोय विंडोजमध्ये आहे आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात, याचे मला वाईट वाटते. साउंडच्या सेटिंग्जमध्ये ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडून ‘प्लेबॅक’ची यादी पुढे ठेवावी आणि एखादे गाणे सुरू करावे. यादीतील प्रत्येक साधनापुढे एक उभी पट्टी दिसते. स्पीकरपुढील पट्टी हिरवी होऊन वरखाली हलत असेल, तर प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांनी आपले काम चोख बजावले आहे, असा तो लेखी दाखलाच समजावा. मग अडथळा ड्रायव्हर, चिप, जॅक किंवा स्पीकर यांच्या हद्दीत आहे. पट्टी निश्चल असेल, तर स्पीकरला हात लावण्याचे काही प्रयोजन नाही.

कित्येकदा असे आढळते की पट्टी हलते आहे खरी, पण ती भलत्याच साधनापुढे. एचडीएमआयच्या तारेतून चित्राबरोबर ध्वनीही जातो. त्यामुळे सभागृहात प्रोजेक्टर जोडला, की लॅपटॉप आवाजाचा अधिकार परस्पर त्याला देतो, आणि प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर व्याख्यानाच्या ऐन वेळी सर्वत्र शांतता पसरते. ब्लूटूथ इयरफोन शेजारच्या खोलीत चालू राहिले, तरी हाच प्रकार. टास्कबारवरील ध्वनीच्या चिन्हातून योग्य साधन निवडले, की आवाज बहाल होतो. एकाच प्रोग्रॅमचा आवाज गेला असल्यास व्हॉल्यूम मिक्सर पाहावा. तेथे प्रत्येक प्रोग्रॅमची पातळी निराळी असते.

आता जॅकविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण पट्टी हलत असूनही शांतता असण्याचे ते एक ठळक कारण आहे. हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रात धातूची एक लहानशी पट्टी स्प्रिंगसारखी बसविलेली असते. पिन आत गेली की ती सरकते, चिपला वर्दी मिळते, आणि स्पीकर बंद होतात. ही पट्टी धुळीने चिकटली वा वाकली, तर पिन काढून घेतल्यावरही वर्दी कायम राहते आणि यंत्र नसलेल्या हेडफोनला आवाज पुरवीत बसते. अशा वेळी यंत्र बंद करून, हेडफोनची पिन काही वेळा हलक्या हाताने आतबाहेर करावी. पुष्कळदा पट्टी मोकळी होते. सुई मात्र कदापि घालू नये. जुन्या मॅकबुकांच्या जॅकमध्ये प्रकाशाद्वारे डिजिटल ध्वनी पाठविण्याचीही तजवीज होती. त्या यंत्रांच्या छिद्रातून तांबडा उजेड दिसला, तर आतील कळ अडकली आहे हे निश्चित समजावे.

‘प्लेबॅक’च्या यादीतील पट्टी हलतच नसेल, किंवा त्या यादीत स्पीकरचे नावच नसेल, तर यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करू नये. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असता शट डाउन केल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जतन होतो आणि पुढल्या वेळी तोच, त्यातील बिघाडासकट, परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व आरंभ नव्याने होतो. त्यानेही भागले नाही आणि नुकतेच अपडेट झाले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ साधनाच्या गुणधर्मांत जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने पूर्वीचा ड्रायव्हर परत आणावा. लिनक्सवाल्यांनी अल्सामिक्सर उघडून कोणत्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी मूकपणाची खूण आहे ते पाहावे व ‘एम’ कळीने ती उठवावी.

हे सारे वर्णन डोळस वाचकाला गृहीत धरून झाले. परंतु ज्यांना पडदा दिसत नाही आणि जे एनव्हीडीएसारख्या स्क्रीनरीडरच्या वाणीवर आपला सारा कारभार चालवितात, त्यांच्या दृष्टीने आवाज जाणे म्हणजे यंत्रच जाणे होय, आणि माझ्या मते या विषयाचे खरे महत्त्व येथे आहे. एनव्हीडीए हा प्रोग्रॅम मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली लिहावयास घेतला. तो विनामूल्य आहे. अशा वाचकाने प्रथम कंट्रोल, आल्ट आणि एन या कळा एकत्र दाबाव्यात. स्क्रीनरीडरच थांबला असेल तर तो पुन्हा बोलू लागतो. तरीही शांतता राहिल्यास यूएसबीचा साधा हेडसेट जोडावा. त्याची रूपांतराची चिप त्याच्याच अंगी असल्याने लॅपटॉपातील चिप, जॅक आणि स्पीकर या तिघांनाही वगळून आवाज येतो, व विंडोज बहुधा नव्या साधनाला आपणहून पसंती देते. वाणी परत आली, की वरील सारी तपासणी त्याला स्वतःच करता येते. हेडसेट जवळ नसेल तर चालू काम कंट्रोल-एसने जतन करावे, विंडोज व एक्स एकत्र दाबावे, नंतर क्रमाने यू आणि आर. इंग्रजी विंडोजमध्ये एवढ्याने यंत्र न पाहता रीस्टार्ट होते. अंध विद्यार्थ्यांच्या प्रत्येक संगणककक्षात असा एक हेडसेट कायम राखून ठेवावा, अशी माझी संबंधितांना आग्रहाची विनंती आहे.

डोळस माणसालाही हा हेडसेट शेवटचा निर्णय देतो. त्यातून आवाज स्वच्छ येतो, स्पीकरपुढची हिरवी पट्टी हलते, जॅक मोकळा आहे, ड्रायव्हर बदलून पाहिला आहे, आणि तरीही स्पीकर गप्प आहेत, असे ठरले, तरच यंत्र उघडण्याची वेळ आली असे मानावे; आणि दुकानात ते देताना हा सारा तपशील कागदावर लिहून द्यावा, म्हणजे स्पीकरची सुटी तार जोडण्याऐवजी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च गळ्यात पडण्याचा संभव कमी होतो. पुढील लेखांकात मायक्रोफोनचा विचार करू.