‘मर लागली’ म्हणून थांबू नका

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की वाटेत कासू लागतं. दिवा-रोहा रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन, भोवती भातशेती. कोकणातल्या कुठल्याही गावाप्रमाणे इथेही परसात चार-दोन गावठी कोंबड्या असतातच. दिवसभर त्या खाचरात चरतात, तिथेच बगळे उतरतात, कावळे दाणा टिपतात, आणि तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात परततात. रानपाखरू आणि घरचं पाखरू यांच्यामध्ये इथे कुंपण नाही.

जानेवारी 2025 मध्ये याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने तपासले तेव्हा भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं. मग ठरलेली कारवाई झाली: एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. ज्या बाईने अंडी विकून घरखर्चाला हातभार लावलेला असतो, तिच्यासाठी रिकामं खुराडं ही लहान गोष्ट नसते.

त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडत होते. आणि त्याआधी, डिसेंबर 2024 मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते. सगळीकडे विषाणू तोच, एच5एन1. वाघांच्या पोटात तो कोंबडीच्या मांसातून गेला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. थायलंडमध्ये 2004 साली असंच घडलं होतं. तिथल्या एका प्राणिसंग्रहालयात कच्च्या कोंबड्या खाऊ घातलेले शंभराहून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले.

रानबदकं आणि पाणपक्षी या जातीच्या विषाणूचे जुने यजमान आहेत. त्यांच्या आतड्यात तो बहुधा फारसा त्रास न देता राहतो आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्यांमध्ये शिरला की त्याला फोफावायला हजारो शरीरं मिळतात आणि त्याचं रूप जहाल होतं. मग बुटांच्या चिखलातून, अंड्यांच्या ट्रेमधून, टेम्पोच्या चाकांवरून तो पुढच्या गावी जातो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकली की कावळ्याच्या चोचीतून परत रानात. भारतात तो पाळीव कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरला.

गावात मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे: मर. ‘कोंबड्यांना मर लागली’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती राणीखेत म्हणजे मानमोडी असते, आणि तिच्यावर लासोटासारखी स्वस्त लस आहे. बर्ड फ्लूचीही सुरुवात तशीच दिसते: माना टाकणं, तुरा निळा पडणं, अचानक मरण. एच5एन1साठी मात्र आपल्याकडे कोंबड्यांना लस टोचत नाहीत, बाधित पक्षी नष्टच करावे लागतात. डोळ्यांना दोन्हींत फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. आणि घात होतो तो इथेच. उरलेल्या तरी हाती लागाव्यात म्हणून लोक त्या घाईने बाजारात नेतात किंवा कापतात. गरिबाच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यात वावगं काही वाटत नाही, पण रोगाला यापेक्षा चांगलं वाहन मिळत नाही.

बुळकांडीची आठवण इथे कामाची आहे. गुरांच्या या साथीने शतकानुशतकं गोठे ओस पाडले, रानातल्या गव्यांनाही सोडलं नाही. गुरांच्या अशा रोगांच्या अभ्यासासाठी 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. 2011 साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. तिचा शेवट लसीने केलाच, पण शेवटच्या टप्प्यात गावोगाव फिरून ‘कुठे आजारी गुरं आहेत का’ हे विचारत जाणाऱ्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा होता. बर्ड फ्लूच्या बाबतीत ते विचारायला कोणी दारी येईपर्यंत उशीर झालेला असतो.

प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने आजाराची खबर देणं मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. भरपाईही मिळते, पण ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणाऱ्याचंच नुकसान कमी होतं.

कासूत असो वा रोह्यात, खुराड्यात दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या, किंवा शेताच्या बांधावर कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर उघड्या हातांनी उचलू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेल्या विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा 1962 वर फोन लावा, आणि तो त्याच दिवशी लावा.